गावाला म्हणजे कुणाला?

पीएचडीच्या पहिल्या मुलाखतीला जाताना दिनकर शिंदेनं जो संशोधन आराखडा नेला होता, त्याचं शीर्षक होतं 'पेशवेकालीन महाराष्ट्रातील सामाजिक व आर्थिक जीवन : एक चिकित्सक अभ्यास'. उद्दिष्टं, गृहीतकं, संशोधन पद्धती, प्रकरणांची मांडणी, संदर्भसूची, सगळं जागच्या जागी होतं. आपल्याकडच्या विद्यापीठांच्या ग्रंथालयात प्रबंधांच्या कपाटापुढं उभं राहिलं की असली शीर्षकं ओळीनं दिसतात. त्यांतल्या कित्येकांमागं खरी मेहनत असते, पण लिहिणाऱ्याला नेमकं काय जाणून घ्यायचं होतं ते शीर्षकावरून कळत नाही. दिनकरलाही ते सांगता आलं नसतं. सहा गृहीतकांपैकी पाच त्यानं जुने प्रबंध पाहून बेतली होती. चौथं तेवढं त्याचं स्वतःचं होतं: गडकोटांच्या डागडुजीवर राबलेल्या माणसांकडून वेठीनं काम करून घेतलं गेलं आणि त्याचा मोबदला दिला गेला नाही.

मुलाखत घेणाऱ्या तज्ज्ञांनी पानं उलटली आणि बरोबर त्या चौथ्यावर बोट ठेवलं.

"हे तुम्हाला शोधायचंय, की ठाऊकच आहे?"

"ठाऊक आहे, सर. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत."

"मग पीएचडी कशासाठी करताय?"

दिनकर गप्प बसला. पुढं लागलेल्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

त्याला राग आला, आणि तो राग खोटा नव्हता. त्याचं घर पुरंदर तालुक्यातलं, गडाच्या पायथ्याचं, गावकुसाबाहेरचं. आजा सांगायचा, आपल्या माणसांनी दगड आणि चुना डोक्यावरून गडावर नेला, पण हातावर काही पडलं नाही. गडाखाली चुन्याची घाणी अजून आहे. जमिनीत गोल बांधलेली दगडी पन्हळ आणि शेजारी कलंडून पडलेलं जड दगडी चाक. बैल ते चाक पन्हळीतून फिरवायचे आणि चुना मळला जायचा. गावची पोरं त्या पन्हळीतून गोल गोल पळायची. आजानं मात्र तिच्यात कधी पाय ठेवला नाही. घरातली ही आठवण कुणीतरी टेबलापलीकडून बाजूला सारली, असं दिनकरला वाटलं.

वेठीबद्दल कुणी लिहिलंच नाही, असं नव्हतं. त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' १९१५ सालचा. हिरोशी फुकाझावा या जपानी अभ्यासकानं अठराव्या शतकातल्या मराठी राज्यातल्या वेठबिगारीवर स्वतंत्र निबंध लिहिला आहे. महार वतनाच्या नावाखाली चाललेल्या राबणुकीला आळा घालायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं होतं, आणि ती वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं. दिनकरनं हे सारं वाचलं होतं, विद्यार्थ्यांना शिकवलंही होतं. घड्याळी तासिकेवर इतिहास शिकवणाऱ्या माणसाला वर्षागणिक नवं काही वाचायला सवड मिळत नाही. जे वाचलं तेच परत परत सांगावं लागतं.

त्या वर्षी मात्र त्यानं तीच पुस्तकं पुन्हा काढली आणि आजवर वगळत आलेल्या तळटीपा वाचल्या. तिथं दफ्तरांची नावं होती, रुमालांचे, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांचे, क्रमांक होते, तारखा होत्या. कुणीतरी ते कागद हातात धरून वाचले होते. ते कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही आहेत, आणि पुण्याला जाणारी एसटी त्याच्या कॉलेजच्या फाटकासमोरच थांबते. तज्ज्ञांचा प्रश्न त्याला तेव्हा कळला. घरातलं सांगणं खरं की खोटं, असं कुणी विचारलंच नव्हतं. ते सांगणं घेऊन तू कुठल्या कागदापुढं उभा राहणार आहेस, एवढंच विचारलं होतं.

पुढच्या वर्षीचा आराखडा सहा पानांचा झाला. एक गड आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली तीस वर्षं. डागडुजीचे हिशेब आणि त्या हिशेबांत आलेली माणसं. सहातलं एकच गृहीतक उरलं, तेच चौथं. ज्या मॅडमकडं तो मार्गदर्शनासाठी गेला, त्यांच्याकडं नियमानं आठ विद्यार्थी घेता येत होते आणि एक जागा मोकळी होती. त्यांनी आराखडा उभ्यानंच वाचला, पेन्सिलीनं शीर्षकातलं 'एक चिकित्सक अभ्यास' खोडलं आणि विचारलं, "मोडी येते?"

"नाही, मॅडम."

"मग आधी मोडी शिका. प्रवेशाचं प्रवेशाच्या जागी होत राहील."

प्रवेशाचं काही सुखासुखी झालं नाही. त्याच वर्षापासून पीएचडीच्या प्रवेशासाठी नेटचे गुण धरायचे ठरलं होतं: नेटला सत्तर टक्के वजन, मुलाखतीला तीस. १८ जून २०२४ ला लाखो मुलांनी परीक्षा दिली आणि दुसऱ्याच दिवशी ती रद्द झाली. ऑगस्ट-सप्टेंबरात पुन्हा झाली. दिनकरनं दोन्ही वेळा दिली. जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीचं वय त्यानं केव्हाच ओलांडलं होतं, त्यामुळं महिन्याच्या ३७,००० रुपयांचा प्रश्नच नव्हता. नोकरी सांभाळून अर्धवेळ संशोधन करायचं तर कॉलेजचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. तासिकेवरच्या माणसाला ते कोण आणि कुठल्या अधिकारात देणार, यावर कार्यालयात बरेच दिवस गेले. अखेर ते मिळालं. मुलाखतीत या खेपेला त्याला 'कशासाठी' असं कुणी विचारलं नाही. कुठले रुमाल पाहणार, एवढंच विचारलं, आणि ते त्याला सांगता आलं.

या धावपळीबद्दल फार लिहीत नाही. ज्यांनी ती केली आहे त्यांना ती ठाऊक आहे, आणि ज्यांना करायची आहे त्यांनी तिच्यापायी खचू नये. अर्ज, शुल्क, पडताळणी, बारा श्रेयांकांचं कोर्सवर्क यांना वेळ लागतो, पण संशोधन त्यांनी अडत नाही.

खरं अडलं ते मोडीपाशी. मोडी लिहिणारा कारकून आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायचा आणि मग बोरू शक्यतो न उचलता त्या रेघांना अक्षरं लटकवत जायचा. शब्द सुटे नसतात, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो. लिपीच्या वर्गात छापील तक्ता पाहून दिनकर पंधरवड्यात सगळी अक्षरं शिकला. पण पुराभिलेखागारात पहिला रुमाल सुटला, आतली कागदांची चळत समोर आली, तेव्हा पहिल्या कागदावरची एक ओळही त्याला लागली नाही. तक्त्यावरचा 'क' इथं कुठंच नव्हता, कारण प्रत्येक कारकुनाचा 'क' निराळा होता.

वाचनकक्षात एक म्हातारे मोडी वाचक बसायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना मोठी मागणी आली होती आणि अण्णांभोवती कायम माणसं असायची. त्यांनी दिनकरला शिकवलं असं म्हणता येणार नाही, तेवढी सवड त्यांना नव्हती. येताजाता ते एखाद्या ओळीवर बोट ठेवायचे. "आधी तारीख लावा. तारीख लागली की कागद बोलायला लागतो."

तारीख लावणं हेही एक शास्त्र. एका कागदाच्या माथ्यावर 'इसन्ने सबैन मया व अलफ' असं होतं. अरबी आकडे एकंपासून वर चढत जातात: दोन, सत्तर, शंभर, हजार. म्हणजे शुहूर सन ११७२. हे साल मृगाला सुरू होतं, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. खाली 'छ', म्हणजे चंद्र, आणि महिना सवाल. सवाल त्या वर्षी जानेवारीत आला होता. म्हणजे साल १७७२, थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीचा शेवटचा हिवाळा. पाऊस संपून रानं वाळलेली, गडाची वाट चढण्याजोगी. डागडुजीचे दिवस.

तो कागद बुरुजाच्या कामाच्या खर्चाचा होता. पाथरवट आणि गवंडी यांच्या नावापुढं रुपये होते, चुन्याला लागलेल्या लाकडाचे पैसे होते, बैलांच्या वैरणीचे होते. मग 'मौजे' आणि पुढं दिनकरच्या गावाचं नाव. असामी अठरा. येसनाक बिन रायनाक. धाकनाक. सिदनाक. एकाखाली एक अठरा नावं, आणि रकमेची जागा शेवटपर्यंत कोरी.

दिनकरनं ती नावं वहीत उतरवून घेतली, मग बाहेर व्हरांड्यात जाऊन पुन्हा एकदा हलक्या आवाजात वाचली. आजा 'आपली माणसं' म्हणायचा त्यांना आता नावं होती.

त्यानं संध्याकाळी दादांना, म्हणजे वडिलांना, फोन केला. दादा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त. त्यांनी सगळी नावं दोनदा वाचून घेतली आणि एका कागदावर लिहून काढली. कोर्सवर्कच्या सादरीकरणात दिनकरनं तो हिशेब पडद्यावर दाखवला. पाथरवटाला रुपये, बैलाला वैरण आणि अठरा माणसांपुढं कोरी जागा. वर्गातल्या तरुण मुलांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी मात्र एवढंच म्हटलं, "छान. त्या सालचा गावचा हिशेब पाहिलात?"

तो पाहायला पुढं बराच काळ गेला. कागद दुसऱ्या रुमालात होता, फाटका, कडेला वाळवी लागलेला. गावानं सरकारात किती वसूल भरायचा आणि त्यातून काय काय वजा धरायचं, याचा तपशील. खालून चौथ्या ओळीत गडाचं नाव होतं. बुरुजाचे कामास असामी अठरा, त्यांची मजुरी, रक्कम, आणि पुढं 'मजुरा'. याचा अर्थ ती रक्कम गावाच्या देण्यातून वजा झाली होती.

दिनकरनं ओळ तीनदा वाचली आणि अण्णांना बोलावलं. अण्णांनी चष्मा वर सरकवून, कागद डोळ्यांजवळ धरून, आवाज न चढवता ती वाचून दाखवली आणि ते आपल्या जागी परत गेले. वाचण्यात चूक नव्हती. कामाचे पैसे लावले गेले होते.

इथं थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दिनकर हा अप्रामाणिक माणूस नाही. पण त्या दुपारी रुमाल परत बांधताना त्याच्या मनात आलं, की हा रुमाल आपल्याआधी कैक वर्षांत कुणी सोडलेला दिसत नाही आणि आपल्यानंतरही कुणी सोडणार नाही. आणि यात पदवीचा मोह नव्हता. भीती होती. उद्या कुणीतरी हीच एक ओळ उचलेल आणि मोबाइलवरून गावभर फिरवेल: बघा, वेठ नव्हतीच, सगळ्यांना मजुरी मिळत होती, उगाच रडगाणं गातात. शेकडो वर्षांची राबणूक एका ओळीत पुसली जाईल, आणि ती ओळ शोधून देणारा माणूस त्याच वस्तीतला असेल. अशा भीतीपोटी कागद परत बांधून ठेवणाऱ्याला मी तरी हलका माणूस म्हणणार नाही.

पंधरा दिवस त्यानं कुणाला सांगितलं नाही. मग मॅडमना सांगितलं, भीतीसकट.

मॅडमनी त्याला धीर दिला नाही की उपदेशही केला नाही. त्या म्हणाल्या, "दिनकर, हा कागद दुसऱ्या कुणी काढला तर तो तुमच्या विरुद्धचा पुरावा होईल. तुम्ही मांडलात तर तो प्रश्न राहील. पण प्रश्न काय आहे, ते मला तुमच्याकडून हवंय. माझ्याकडं नाहीये."

त्याच्याकडंही नव्हता. रविवारी तो गावी गेला. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी दादांनी ती अठरा नावं चांगल्या अक्षरात लिहून, चौकटीत घालून लावली होती. ते पाहून दिनकरला बोलायला आणखीनच जड गेलं. जेवणं झाल्यावर त्यानं सांगून टाकलं.

"दादा, दुसरा कागद निघालाय. मजुरी लावली होती. अठरा जणांची."

दादांनी ताटात हात धुतला. "कुणी घेतली?"

"तसं लिहिलेलं नाही. गावाच्या वसुलातून तेवढी रक्कम वजा केली. गावाला मजुरा पडली."

"गावाला म्हंजे कुणाला?" दादा म्हणाले. "आपण गावात होतो का?"

दिनकर त्यांच्याकडं पाहतच राहिला. इतके दिवस तो 'मिळाली की नाही मिळाली' एवढ्यातच अडकून पडला होता. राज्यानं अठरा माणसांच्या घामाची किंमत मान्य केली होती, रुपयांत मांडली होती आणि ती गावाच्या नावावर जमा धरली होती. मग गावात ती सूट वाटली कुणी? पाटलानं, कुळकर्ण्यानं? सगळ्या कुणब्यांच्या साऱ्यातून थोडी थोडी कमी झाली, की दोन-चार घरांतच राहिली? आणि गावकुसाबाहेरच्या अठरा घरांत त्यातलं काही पोचलं का? आजा म्हणत होता हातावर काही पडलं नाही. कागद म्हणत होता पैसे लावले. दोघंही खरे असू शकत होते, आणि तसं असेल तर ते आराखड्यातल्या गृहीतकापेक्षा कितीतरी भयंकर होतं.

संशोधन सल्लागार समितीपुढं दर सहामाहीला प्रगती मांडावी लागते. दिनकरनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि सुरुवातीलाच सांगितलं, की माझं गृहीतक जसं लिहिलं होतं तसं टिकत नाही. एक सदस्य नाराज झाले. मंजूर आराखड्यात असा फेरफार करायचा तर रीतसर अर्ज करावा लागेल, शीर्षकही बदलेल, आणि वर्ष तर गेलंच, असं ते म्हणाले. त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं. तीन वर्षांच्या आत प्रबंध देता येत नाही आणि सहा वर्षांनंतर मुदतवाढ मागावी लागते. अर्धवेळ विद्यार्थ्याला एकेक सहामाही मोलाची असते. दिनकरनं अर्ज केला. नव्या आराखड्यात गडाच्या कामाची मजुरी गावाच्या हिशेबात कुठं मुरली, एवढंच शोधायचं होतं. मॅडमनी या वेळी पेन्सिल उचलली नाही.

त्याच आठवड्यात दादांनी फोनवर विचारलं, नावांची चौकट उतरवू का. दिनकर नको म्हणाला. कोरी जागा खोटी ठरली होती, नावं नव्हेत.

पुढची सहामाही कोरडी गेली. गावाच्या हिशेबाखालचे, घरवार वाटणीचे कागद सरकारी दफ्तरात येत नसत. ते कुळकर्ण्याच्या घरी राहायचे. त्या घराण्याची एक शाखा सापडली, पण त्यांचं दफ्तर वाडा पडला तेव्हा पावसात गेलं होतं. शेजारच्या दोन गावांत चौकशी झाली. पुण्यात त्यानं त्या परगण्याचे जे जे रुमाल मिळाले ते सगळे सोडून पाहिले आणि परत बांधले. हवा होता तसा कागद एकही नव्हता.

प्रगती अहवालात दिनकरनं लिहिलं, की या सहामाहीत वाटणीचा पुरावा मिळालेला नाही. खाली त्यानं पाहिलेल्या प्रत्येक रुमालाचा क्रमांक, त्यात कुठल्या सालचे आणि कशाचे कागद आहेत आणि काय नाही, हे ओळीनं मांडलं. यादी साडेचार पानं भरली. समितीच्या बैठकीत गेल्या वेळी नाराज झालेले सदस्य ती बराच वेळ वाचत होते. त्यांचा एक विद्यार्थी त्याच परगण्यातल्या पाणीवाटपावर काम करत होता आणि वर्षभर नुसता अंधारात चाचपडत होता. त्यांनी सही केली, अहवाल पुढं सरकवला आणि विचारलं, "शिंदे सर, या यादीची एक प्रत मिळेल का?"